कात्री चालवा, पण कापड जपून ठेवा

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की माळ्यावरून काही वस्तू दरसाल खाली येतात आणि दरसाल पुन्हा वर जातात. दांडी निखळलेली समई, कुणालाच न होणारा एक गरम कोट, आणि बुटाच्या खोक्यात दाटीवाटीने बसलेल्या व्हिडिओ कॅसेटी. कोट आणि समई यांचे काय करावे हे मी सांगू शकत नाही. पण कॅसेटींविषयी यंदा चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते. एक तर व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, जुलै २०१६ मध्ये ते बनवणे थांबवले. तेव्हा घरात चालू व्हीसीआर असेल तर तो आता ऐवजच समजावा. दुसरे असे की कॅसेट संगणकात उतरवून, त्यात फोनवरची चित्रे मिसळून, घरचा सिनेमा तयार करण्याची हौस आता घरोघर आहे. हौस उत्तम, पण ऐन वेळी यजमानांना घाम फुटतो, तो कसा टाळावा हा आजचा विषय.

घरच्या घरी सिनेमा करणे ही काही आजची टूम नव्हे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला, पण त्याची खटपट दादरच्या त्यांच्या बिऱ्हाडातच चालली होती. कोऱ्या फिल्मच्या कडेला भोके पाडण्याचे किचकट काम सरस्वतीबाई फाळके अंधारात बसून करीत, आणि सिनेमातल्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच असे. त्या काळी फिल्मवर एकदा कात्री चालली की चालली. कापलेला तुकडा जमिनीवर पडायचा. आणि ज्या सिनेमासाठी एवढे कष्ट झाले, तो आज पूर्ण उपलब्ध नाही. थोडीच रिळे उरली आहेत.

संगणकातली कात्री मात्र निराळी आहे, आणि हा फरक ज्याला कळला त्याच्या निम्म्या अडचणी सुटल्या. सॉफ्टवेअरमध्ये आपण चित्र ‘कापतो’ तेव्हा खरोखर काहीच कापले जात नाही. सॉफ्टवेअर फक्त एक चिठ्ठी लिहून ठेवते : अमुक फोल्डरातली अमुक फाइल काढा, तिसऱ्या मिनिटापासून पाचव्या मिनिटापर्यंत दाखवा, मग दुसरी फाइल लावा. या चिठ्ठीलाच ‘प्रोजेक्ट’ म्हणतात. कापड वेगळे, चिठ्ठी वेगळी. हे आम्हाला कसे कळले, त्याची हकीकत आधी सांगतो.

अकोल्याचा लाल पडदा

माझी धाकटी बहीण अकोल्याला दिली आहे. मे २०२४ मध्ये तिच्या लग्नाला तीस वर्षे झाली. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, त्या वेळी अमरावतीला आमच्याकडे राहून शिकत होती. लग्नाच्या कॅसेटी आमच्या माळ्यावर होत्याच. तिने पंधरा दिवस खपून त्यांचा पाऊण तासाचा सिनेमा तयार केला आणि आई-बाबांना चकित करायचे ठरवले. समारंभाच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे गाडीत बसून अकोल्यास गेलो. संध्याकाळी पाहुणे यायचे होते. दुपारी भाचीने लॅपटॉप दूरदर्शन संचाला जोडला, सिनेमा उघडला, आणि पडद्यावर लग्नाऐवजी नुसता लालभडक रंग आला. वर ‘फाइल सापडत नाही’ अशी सूचना. मुलगी रडकुंडीला आली.

झाले होते एवढेच की तिने लॅपटॉपमध्ये चिठ्ठी आणली होती आणि कापड अमरावतीच्या टेबलावर, बाहेरच्या हार्डडिस्कमध्ये राहिले होते. घरी माझा मुलगा होता. त्याला फोन केला. अमरावती ते अकोला हा तोच महामार्ग, ज्यावर जून २०२२ मध्ये पंचाहत्तर किलोमीटर डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला आणि गिनीजच्या पुस्तकात नोंद झाली. त्या विक्रमाचा आमच्या घराण्याला झालेला पहिला प्रत्यक्ष लाभ हा, की मुलगा दोन तासांच्या आत डिस्क घेऊन दारात हजर झाला. येताक्षणी म्हणाला, “आत्या, आधी पाणी दे, मग सिनेमा पाहाय.”

डिस्क जोडल्यावरही एक-दोन तुकडे लालच राहिले, कारण या लॅपटॉपने डिस्कला दुसरेच अक्षर दिले होते. अशा वेळी घाबरू नये. लाल तुकड्यावर उजवी कळ दाबली की ‘फाइल शोधा’ किंवा ‘पुन्हा जोडा’ अशा अर्थाचा पर्याय असतो. फाइलचा नवा पत्ता दाखवून द्यावा, की चित्र परत येते.

यावरून धडे दोन. पहिला : काम सुरू करण्यापूर्वी एकच फोल्डर करावा आणि त्यात कॅसेटीची फाइल, फोनवरची चित्रे, फोटो, गाणी सगळे एकत्र ठेवावे, मगच सॉफ्टवेअर उघडावे. पेनड्राइव्हवरून किंवा फोनमधून थेट काम करू नये. हलवायचे तर अख्खा फोल्डर हलवावा. दुसरा : समारंभाला प्रोजेक्ट कधीही नेऊ नये. सिनेमा पुरा झाला की तो ‘एक्स्पोर्ट’ करून त्याची एकसंध एमपी४ फाइल करावी आणि तीच न्यावी. विंडोजबरोबर फुकट मिळणारा जुना मूव्ही मेकर पुष्कळांना आठवत असेल. त्याचा आधार कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये काढून घेतला. ज्यांनी त्या वेळी नुसते प्रोजेक्ट जपले, त्यांच्या हाती आज न उघडणारी चिठ्ठी आहे. ज्यांनी सिनेमा एक्स्पोर्ट केला, त्यांचा सिनेमा आजही दिसतो.

कॅसेट उतरवताना

आता क्रमाने घेऊ. कॅसेट संगणकात उतरवण्यासाठी व्हीसीआर, पिवळ्या-पांढऱ्या-तांबड्या टोकांच्या वायरी आणि यूएसबीला जोडायचे एक लहानसे कॅप्चर उपकरण एवढे पुरते. आधी कॅसेटीच्या खिडकीतून आत पाहावे. टेपेवर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नये. ती यंत्राचे हेड खराब करते आणि पाठोपाठ दुसऱ्या कॅसेटीही बिघडवते. ती जाणकाराकडे साफ करायला द्यावी. कॅसेट स्वच्छ असेल तर आधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्यावी, म्हणजे वर्षानुवर्षे एका जागी चिकटून बसलेली टेप सैल होते. मग एकदाच, न थांबवता, शेवटपर्यंत उतरवावी. अडीच तासांच्या कॅसेटीला अडीच तासच लागतात. यात घाई चालत नाही. बऱ्या दर्जाने उतरवली तर अशा फाइलीला सुमारे ९ जीबी जागा लागते.

उतरवलेल्या चित्रात चार खोडी हमखास आढळतात.

पहिली, आवाज एकाच कानात येतो. जुन्या कॅसेटींचा आवाज बहुधा एकेरीच असतो आणि वायर एकाच भोकात बसलेली असते. सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या भागात ‘डावा उजवीकडे उतरवा’ असा पर्याय शोधावा. एका क्षणाचे काम आहे.

दुसरी, माणसे जाड दिसतात. भाचीच्या पहिल्या खर्ड्यात आमचे सडपातळ जावईबापू बोहल्यावर एखाद्या पहिलवानासारखे दिसत होते. जुने चित्र चारास तीन या मापाचे, आजचा पडदा सोळास नऊ. चित्र ताणून पडदा भरू नये. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहू द्यावेत. त्यात काही कमीपणा नाही.

तिसरी, कोणी हालले की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. आपल्याकडच्या कॅसेटीत सेकंदाला २५ चित्रे असतात, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येते. आधी एक सोडून एक रेषा, मग उरलेल्या. संगणक दोन्ही हप्ते एकदम दाखवतो म्हणून कंगवा दिसतो. ‘डीइंटरलेस’ हा पर्याय चालू केला की तो जातो.

चौथी, चित्राच्या अगदी तळाशी एक थरथरती पट्टी दिसते. ती टेपेचा दोष नव्हे. जुन्या संचाच्या चौकटीआड ती झाकली जात असे. खालच्या थोड्या रेषा छाटाव्यात किंवा त्यावर काळी पट्टी ठेवावी.

ओठ आधी, शब्द मागून

फोनवर घेतलेल्या चित्रांची तक्रार वेगळी. सुरुवातीला आवाज बरोबर असतो, पण दहा मिनिटांनी ओठ आधी हालतात आणि शब्द मागाहून येतात. दोष बोलणाऱ्याचा नाही. पुष्कळ फोन सेकंदाला चित्रे किती घ्यायची हे उजेडावर ठरवतात. उजेड कमी झाला की चित्रे कमी. संपादनाचे सॉफ्टवेअर मात्र एकसारखी चाल गृहीत धरते, आणि ताल चुकतो. उपाय असा की अशी फाइल आधी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून काढून ‘कायम वेग’ निवडून नवी करून घ्यावी. शॉटकट हे दुसरे मोफत सॉफ्टवेअर तर अशी फाइल दिसली की स्वतःच विचारते, ‘संपादनायोग्य करून देऊ का?’ अशा वेळी हो म्हणावे.

सिनेमाचा वेगही आधीच ठरवावा. बहुतेक चित्र कॅसेटीचे असेल तर २५, बहुतेक फोनचे असेल तर ३०. काही सॉफ्टवेअरमध्ये हा वेग एकदा ठरला की मागाहून बदलता येत नाही, आणि मग सगळे पुन्हा मांडावे लागते.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असे मला नेहमी विचारतात. घरच्या कामाला विकत घेण्याची गरज नाही. शॉटकट, केडेनलाइव्ह, ओपनशॉट ही तिन्ही मोफत आहेत आणि साध्या संगणकावर चालतात. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती फार गुणी आहे, पण तिला दणकट संगणक लागतो. संगणक अडखळत असेल तर ‘प्रॉक्सी’ हा शब्द शोधावा. सॉफ्टवेअर कामापुरत्या हलक्या प्रती करून घेते, त्यांवर आपण काम करतो, आणि शेवटी सिनेमा मूळ चित्रांवरूनच तयार होतो.

मराठीची मोडतोड

मराठी घरांचे एक खास दुखणे आहे. सिनेमाच्या आरंभी हौसेने ‘शुभविवाह’ असे लिहावे, तर पडद्यावर वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, जोडाक्षरे फुटतात आणि रफार कुठेतरी हवेत लटकतो. याची कारणे दोन. एक तर आपण जुन्या पद्धतीचा, युनिकोड नसलेला फाँट वापरलेला असतो. तेव्हा मंगल, मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी असा युनिकोड फाँट घ्यावा. तेवढ्यानेही अक्षरे जुळली नाहीत तर त्या सॉफ्टवेअरला देवनागरीची जोडणीच येत नाही असे समजावे. मग त्याच्याशी भांडत बसू नये. मजकूर दुसरीकडे लिहून त्याचे चित्र करावे आणि ते चित्र फोटोसारखे सिनेमात बसवावे. चित्रातली वेलांटी पळून जात नाही.

वऱ्हाडातला उन्हाळा आणि वीज

सिनेमा एक्स्पोर्ट होत असताना संगणक तासन् तास पूर्ण ताकदीने राबतो. अकोल्याच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीच्या पुढे असताना, हे काम भर दुपारी लावले तर लॅपटॉप तापून मध्येच बंद पडतो, आणि लोक सॉफ्टवेअरला दोष देतात. हे काम रात्री लावावे. लॅपटॉप गादीवर ठेवू नये. खालून त्याला श्वास घ्यायला जागा हवी. आणि तो गार राहावा म्हणून कूलरच्या तोंडाशी तर मुळीच ठेवू नये. कूलरचा वारा ओला असतो. आपल्याला मानवतो, यंत्राला नाही.

वीज जाण्याची सवय आपल्याला आहेच. म्हणून आपोआप जतन करण्याचा पर्याय पाच मिनिटांवर ठेवावा. शिवाय रोज नव्या नावाने जतन करावे : लग्न-१, लग्न-२, लग्न-३. एखादी चिठ्ठी बिघडलीच तर कालची हाती असते.

एक्स्पोर्ट झाल्यावरही दोन ठेचा उरतात. सिनेमा पेनड्राइव्हवर घालताना ‘जागा नाही’ असे उत्तर येते, आणि पेनड्राइव्ह तर ३२ जीबीचा, रिकामा! अशा वेळी पेनड्राइव्ह फॅट३२ या पद्धतीने आखलेला असतो. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही. सेकंदाला १० मेगाबिटच्या हिशेबाने तासाभराचा सिनेमा साडेचार जीबीचा होतो, आणि तिथेच अडतो. पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने पुन्हा आखावा. आखताना त्यातले सगळे पुसले जाते हे मात्र लक्षात असू द्यावे, आणि आपला संच तो वाचतो ना, हे समारंभाच्या आदल्या दिवशीच पाहून घ्यावे. दुसरी ठेच व्हॉट्सअ‍ॅपची. त्यावरून चित्र पाठवले की ते दाबून लहान केले जाते आणि चेहरे पुसट होतात. नातेवाइकांना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. तसे २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी येते.

रद्दी कशाला म्हणावे?

आता जे सांगायचे ते जरा माझ्या अंगाशी येणारे आहे.

बहिणीच्या लग्नाच्या कॅसेटी तीन होत्या. पहिलीत हळद आणि सीमांतपूजन, दुसरीत लग्न आणि पंगती, तिसरीत पाठवणी. पाठवणीच्या वेळी आमचे अण्णा रडले होते. अण्णा म्हणजे माझे वडील; त्यांना रडताना त्याआधी कोणी पाहिले नव्हते आणि नंतरही नाही. २००१ साली ते गेले. ती तिसरी कॅसेट आज आहे, पण तिच्यात पाठवणी नाही. ९ मार्च १९९६ रोजी बेंगळुरूला भारत-पाकिस्तान यांचा विश्वचषकातला उपांत्यपूर्व सामना झाला. घरात कोरी कॅसेट नव्हती. हाताला आली ती मी व्हीसीआरमध्ये घातली. सामना आपण जिंकला. कॅसेटीच्या कण्यावर प्लास्टिकची एक चिमुकली पट्टी असते. ती मोडून टाकली की त्या कॅसेटीवर नवे मुद्रण होत नाही. दोन पैशांचे काम, मी केले नव्हते. बहिणीने मला त्याबद्दल कधी एका शब्दाने विचारले नाही, आणि म्हणूनच ते अजून बोचते.

त्या दिवशी अकोल्याला सिनेमा छान झाला. पाहुणे गेले. रात्री भाची लॅपटॉपवर काही पुसत बसली होती. मी विचारले, “काय चाललंय गं?”

“मामा, डिस्क भरून गेली. सिनेमा तर झाला. आता या कॅसेटींच्या मोठ्या फाइली कशाला? नऊ-नऊ जीबी खातात एकेक.”

मी म्हटले, “थांब. पुसायच्या आधी तू जे जे कापलंस ते मला दाखव.”

“त्यात काही नाही हो. दुसऱ्या कॅसेटीच्या शेवटी तर अकरा मिनिटं नुसते पाय आहेत. कॅमेरावाला जेवायला बसला असेल अन् कॅमेरा खुर्चीवर चालूच राहिला.”

वर सांगितलेच आहे की संगणकातली कात्री कापत नाही. टाइमलाइनवर तुकड्याचे टोक माउसने धरून बाहेर ओढले की झाकलेला भाग परत येतो. मूळ फाइल जागेवर आहे तोवर केव्हाही येतो. भाचीने टोक धरून ओढले. पडद्यावर पंगतीतले पाय दिसू लागले. चपला, पत्रावळींच्या कडा, पाण्याची बादली. आमच्या घरात ही कॅसेट अनेकदा लागली होती, पण इथवर आले की प्रत्येक वेळी कोणीतरी बंद करीत असे. पाय कोण पाहणार?

आणि मग आवाज आला. आधी वाढप्यांना हाका, “अरे, बुंदी कुटी गेली? व्याह्याच्या पानाकडे लक्ष ठेवा.” मग जरा जवळून, हळू आवाजात, बहुधा आईला उद्देशून : “पोरीनं सकायपासून काहीच खाल्लं नाही. दोन पोळ्या अन् बुंदी बांधून दे डब्यात. इथं नाही खाणार थे. मूर्तिजापूरले गाडी थांबली का खाईन.”

स्वयंपाकघरातून बहीण हात पुसत बाहेर आली आणि दारातच थांबली. “दादा, हे अण्णा?”

मी मान हलवली. तिने भाचीला ते पुन्हा लावायला सांगितले. मग पुन्हा एकदा. नंतर म्हणाली, “मूर्तिजापूरला मी तो डबा उघडला होता. तीस वर्षं मला वाटत होतं, आईनं आठवणीनं दिला.”

फाइली पुसल्या गेल्या नाहीत, हे निराळे सांगायला नकोच.

तेव्हापासून मी सांगत असतो की सिनेमा करताना हवे तितके कापावे. पाऊण तासाच्या वर पाहुण्यांना बसवू नये, हेही खरे. पण कापलेल्यास रद्दी म्हणू नये. काय महत्त्वाचे हे आज कळत नाही. मूर्तिजापूरच्या एका स्नेह्यांकडे मुंजीची कॅसेट आहे. तीत कॅमेरावाल्याने उगीच मिनिटभर शकुंतला गाडी घेतली आहे, वाफेच्या इंजिनासकट. त्या वेळी घरच्यांना तो पैशाचा अपव्यय वाटला. एप्रिल १९९४ मध्ये वाफेचे इंजिन गेले, पुढे गाडीही बंद पडली, आणि आता त्या घरात मुंजीपेक्षा तेच मिनिट अधिक वेळा लागते.

आवाजाची तर विशेष काळजी घ्यावी. चित्र हालले तरी चालते, अंधुक असले तरी चालते, पण हौशी संपादक पहिली कुऱ्हाड आवाजावरच घालतात. सगळा आवाज बंद करून वर सिनेमातले गाणे चढवतात. तसे करू नये. गाणे घालायचेच तर माणसे बोलू लागताच ते खाली उतरवावे. मंगलाष्टके म्हणणाऱ्या आत्याबाईंचा बसका सूर कोणत्याही पार्श्वगायिकेहून मोलाचा आहे. शिवाय विकतचे गाणे घातलेला सिनेमा यूट्यूबवर चढवला की हक्काची नोटीस येते, ती वेगळीच. गाडगेबाबांनी जन्मभर कीर्तने केली आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ, देह ठेवला. त्यांच्या अखेरच्या काळातल्या मुंबईच्या एका कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उरले आहे. ते ऐकताना त्यात खरखर आहे अशी तक्रार मी कोणाच्या तोंडून ऐकलेली नाही.

भाऊबीजेची डिस्क

शेवटची सूचना सोपी आहे. मूळ फाइलींच्या प्रती तीन असाव्यात. एक संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या गावी. घरात पाणी शिरले, चोरी झाली, वीज कडाडली, तर दुसऱ्या गावची प्रत सुरक्षित असते. डिस्क कपाटात वर्षानुवर्षे निजवू नये. वर्षातून एकदा जोडून चार फाइली उघडून पाहाव्यात. पाच-सात वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवावे. आणि कॅसेट उतरवून झाली म्हणून भंगारात देऊ नये. पट्टी मोडून, उभी करून, कोरड्या जागी ठेवावी.

आम्ही याला एक सणाचा मुहूर्तच लावून टाकला आहे. भाऊबीजेला मी अकोल्यास जातो तेव्हा ओवाळणीबरोबर अमरावतीची डिस्क नेतो, आणि येताना बहिणीकडची घेऊन येतो. वर्षभर आमची लग्ने अकोल्यात आणि त्यांची अमरावतीत सुखरूप असतात. ओवाळून झाले की डिस्क लावली जाते. पाऊण तासाचा सिनेमा हल्ली कोणी मागत नाही. सगळ्यांना ती अकरा मिनिटेच हवी असतात.

यंदा माळा आवराल तेव्हा ते बुटाचे खोके पुन्हा वर ठेवण्यापूर्वी उघडून पाहा. दिवाळीच्या शुभेच्छा!